एका नंबरने मोठी

मालन परबची टिकली पहिल्यांदा मोठी झाली ती गौरीच्या दिवशी. तोवर ती मुगाएवढी लावायची, मरून रंगाची, साधी. त्या दिवशी तुरीच्या दाण्याएवढी लावली आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या बायका म्हणाल्या, "अगो मालन, काय शोभता गो तुका!" मालन हसली. हसली कसली, तोंड कोरडं पडलं होतं बाईचं. सकाळी न्हाणीत जाण्याआधी टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवताना तिला दिसलं होतं, की टिकलीखालची कातडी पांढरी पडलीय. बरोबर टिकलीएवढीच. तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. जात नाही म्हटल्यावर पुठ्ठ्यावरची एका नंबरने मोठी टिकली काढली आणि झाकून टाकलं.

आता टिकलीला त्या घरात काय तोटा! गल्लीपलीकडची शांताबाई साकीनाक्याच्या एका गाळ्यातून माल आणायची आणि घाटकोपरच्या त्या डोंगरउतारावर दर दुसऱ्या खोलीत वाटायची. मखमली कापडातून ठोकून काढलेल्या टिकल्या, मागे गोंद. त्या एकेक सोडवायच्या, पाकिटाच्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायच्या, खड्याची असेल तर मधे खडा बसवायचा. मालन एकोणीस वर्षं हे करत होती. तिचा सासरा गिरणीत होता, गिरणी गेली. नवरा दशरथ विक्रोळीला एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होता. घर चाललं त्यात मालनच्या अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा वाटा होताच. विकतची टिकली तिने कधी लावली नाही. पोर अक्षता, तिच्याही कपाळाला शाळेच्या गॅदरिंगपासून घरचीच टिकली.

तर डाग वाढला. टिकली तुरीएवढी केली तर तो तुरीएवढा झाला, वाटाण्याएवढी केली तर तोही वाटाण्याएवढा. जणू टिकली पुढे आणि तो मागे. पुढच्या गणपतीपर्यंत मालन रुपयाएवढी टिकली लावून फिरत होती आणि बायकांना वाटत होतं, हिला म्हातारपणी नटायची हौस आलीय. मग बोटांची टोकं पांढरी झाली. अंगठा आणि पहिलं बोट. बोटांना टिकली कुठली लावणार?

बोटं दिसली आणि सगळ्यांना अक्कल आली. कोड हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं हां, सगळ्या "ते" म्हणायच्या. "मालनला ते आलंय." सल्ला द्यायला त्या गल्लीत कुणाला शिक्षण लागत नाही. एकीने सांगितलं, दही बंद कर. दुसरीने सांगितलं, मासे बंद. दुधावर मासे खाल्ले असशील कधीतरी, तेच बाहेर पडलंय. मालवणच्या माणसाला मासे बंद म्हणजे काय ते त्यालाच विचारा. दशरथ आणि अक्षता बांगड्याचं तिखलं ओरपायची आणि ही बाजूला बसून आमटीत भाकरी कुस्करायची. वर्षभर! शांताबाईने कुठल्याशा वैद्याकडून बावचीचं तेल आणलं. लाव आणि उन्हात बस म्हणाली. मालन पत्र्यावर बोटं उन्हात धरून बसली आणि संध्याकाळी बोटांवर द्राक्षासारखे फोड. ते फुटले, सुकले, खाली आणखी पांढरं निघालं.

तेवढ्यात अक्षताचं जमलं. अंधेरीच्या ऑफिसात ती रिसेप्शनला, श्रेयस तिथेच हिशेबखात्यात. त्याचे लोक बोरिवलीचे, तीन पिढ्या नोकरदार, आई वसुधाबाई शाळेतून निवृत्त. पोरांनी आपसात ठरवलेलं, पण वसुधाबाईंनी एकदम हो म्हटलं नव्हतं. बघू, बघू करत सहा महिने काढले आणि मग हो. बोलणी करायला त्या आल्या तेव्हा मालनने हात पदराखाली धरले, चहा अक्षताला द्यायला लावला. लग्न वैशाखात ठरलं. मंडळी गेल्यावर मालन दार लावून बोटं बघत बसली. आपल्या या डागापायी पोरीचं मोडलं तर? बस्स, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना तेच, टिकल्या चिकटवताना तेच. हळदीत ही बोटं लपवायची कुठे?

शेवटी संक्रांत झाल्यावर ती कुणाला न सांगता पालिकेच्या हॉस्पिटलात गेली. चामडीच्या विभागात तीन तास बाकावर बसली. आत डॉक्टर इरावती म्हणून तिशीची मुलगी होती.

"काय काम करता, मावशी?"

"टिकल्या लावते."

"स्वतःला?"

"स्वतःला पण लावते आणि पुठ्ठ्याला पण लावते."

डॉक्टरने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "कपाळावरची काढा बघू."

मालनने आधी दाराकडे पाहिलं. सव्वादोन वर्षांत ते कपाळ कुणी पाहिलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा. तिने टिकली काढली आणि सवयीने टेबलाच्या कडेला चिकटवली. डॉक्टरने दिवा बंद करून निळ्या उजेडाचा दिवा कपाळाजवळ धरला, मग बोटांजवळ, मग अंगभर पाहिलं. आणखी कुठे काही नव्हतं.

"मावशी, कोड असं कंपासने काढल्यासारखं गोल येत नाही. हे टिकलीच्या गोंदाने झालंय. त्यात एक रसायन असतं, ते कातडीतल्या रंगाच्या पेशी मारतं. पाच जणी तोच गोंद लावतात, चौघींना काही होत नाही, पाचवीच्या कातडीला सोसत नाही. ती पाचवी तुम्ही."

"मग मासे?"

"माशांचं काय?"

"माशांनी नाही झालं?"

"माशांनी नाही, दह्याने नाही. अहो, खरं कोडसुद्धा त्याने होत नाही. त्यात शरीर आपल्याच रंगाच्या पेशींना शत्रू समजून मारतं. शिवल्याने लागत नाही, महारोगाशी त्याचं काही नातं नाही, आणि त्यावरही उपचार आहेत. ते तेलबिल तर पुन्हा लावूच नका."

मालनला आधी काय आठवलं असेल? वर्षभराचे बांगडे. असा राग आला तिला, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरला वाटलं, घाबरली. तिने खुर्ची पुढे ओढून सगळं सावकाश सांगितलं. कपाळाला रोज मलम. बोटांना मलम आणि आठवड्यातून दोनदा इथे येऊन हात उजेडाच्या पेटीत धरायचे, काळा चष्मा लावून. कपाळ भरेल, कारण तिथे बारीक लव असते आणि रंग केसांच्या मुळातून परत येतो. बोटांच्या टोकांना केस नाहीत, तिथलं सांगता येत नाही. आणि पहिली गोष्ट, टिकली बंद. लावायची बंद, चिकटवायची बंद.

"किती दिवस?"

"लावणं, रंग भरेपर्यंत कुंकूसुद्धा नको. टिकली तर पुढेही नको."

"अहो, नवरा जिवंत आहे माझा!"

"मग भांगात लावा थोडं कुंकू."

"ते आपल्यात नसतं."

"त्यांना घेऊन या इथे, मी समजावते," डॉक्टर म्हणाली. तिचं काय चुकलं? पण दशरथ कसला येतोय! रात्रपाळी, दिवसपाळी, गुडघा, सगळी कारणं झाली. बायकोचं उघडं कपाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ताटावरून उठला. "मी मेलंय काय गो? कपाळ उघडा टाकून बसलंस ती?" डाग दिसला नाही त्याला; टिकली नाही एवढंच दिसलं. मग ठरलं ते असं, की घरात मोकळं कपाळ आणि दाराबाहेर पाऊल टाकताना पदर पुढे ओढायचा.

शांताबाईला मालनने सरळ सांगितलं, गोंद वाईट आहे, मी काम सोडते, तू पण बायकांना सांग. शांताबाई काही वाईट बाई नव्हती, पण तिचाही त्याच मालावर संसार. "एकोणीस वर्षं खाल्लंस ना यावर? आता बाकीच्यांच्या पोटावर पाय देऊ नको. आम्हांला का नाही झालं मग?" गल्लीतल्या बायकांनी मान डोलावली. आम्हांला का नाही झालं. मालन पाच जणींचं गणित सांगायला गेली, तर एकेक करून सगळ्यांना कुकर आठवला. मग ती गप्प साड्यांना फॉल लावायचं काम करायला लागली.

पण रंग आला हो! मार्चच्या शेवटी एका दुपारी अक्षताने मोबाइलचा उजेड धरून आईचं कपाळ पाहिलं आणि ओरडली, "आई, ठिपके! ब्राऊन ठिपके आलेत आतून!" पांढऱ्या डागात मोहरीएवढे पाच-सहा ठिपके, कातडीच्याच रंगाचे. अक्षताने फोटो काढून दाखवला, मालनने तो लांब धरून, जवळ धरून वीसदा पाहिला. त्या दिवशी घरात सुरमई आणली होती. मायलेकींनी दोन-दोन तुकड्या जास्त खाल्ल्या. वैशाखापर्यंत अर्धं तरी भरेल, असा मालनने मनात हिशेब केला.

आणि बरोबर दहा दिवसांनी वसुधाबाई न सांगता दारात. घाटकोपरला कुणाकडे पत्रिका द्यायला आल्या होत्या, म्हटलं जाता जाता मानाच्या साडीचा रंग विचारावा. दार उघडंच होतं. मालन खाली बसून फॉल लावत होती, कपाळ मोकळं, पांढरी बोटं सुईवर. वसुधाबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"अगंबाई! मालनताई, दशरथराव बरे आहेत ना?"

मालन उभी राहिली. पदर ओढायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. झाकायचं तरी किती! तिने सगळं सांगितलं. गोंद, गोल डाग, पाच जणी, मलम, पेटी. हॉस्पिटलचा कागद काढून दिला. वसुधाबाईंनी चष्मा लावून तो पाठपोट वाचला.

"टिकलीने? मी चाळीस वर्षं लावतेय."

"सगळ्यांना नाही होत."

"असेल हो. मी शिकलेली बाई आहे, स्पर्शाने लागतं वगैरे मी मानत नाही. पण हे रक्तातून येतं म्हणतात ना? श्रेयसच्या काकांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. उद्या नातवंडांवर..." त्या थांबल्या, मालनच्या हातावर हात ठेवायला गेल्या आणि शेवटी मनगटावर ठेवला. "एक करा. अक्षताला एकदा दाखवून घ्या. अंगावर कुठे काही नाही, असं डॉक्टरांकडून लिहून आणा. मग मी कुणाची बडबड ऐकून घेणार नाही. नाहीतर माझा अगदी नाइलाज होईल."

किती गोड! शिवी दिली असती तर मालनला उलट देता आली असती.

तरी तिला भीती नव्हती. पोर तर लख्ख होती, अंगावर तीळ सोडला तर काही नाही. त्या दोघी हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टर इरावतीने अक्षताला तपासलं, हात, पाय, पाठ, कोपर. सगळं स्वच्छ. मालनने देवाचं नाव घेतलं.

"टिकली काढ गं," डॉक्टर म्हणाली.

अक्षताने काढली. मुगाएवढीच होती. निळा दिवा जवळ आला आणि टिकलीच्या जागी तिळाएवढा ठिपका चमकला.

मालनने तो ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला. गॅदरिंगची टिकली तिनेच लावली होती, स्वतःच्या बोटाने. दहावीच्या निकालाच्या दिवशीची, पहिल्या नोकरीच्या दिवशीची. फुकटची म्हणून.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाली. "नुकती सुरुवात आहे. आजपासून टिकली बंद केली तर दोन-तीन महिन्यांत भरून येईल, मागमूस राहणार नाही. मी लिहून देते, अंग स्वच्छ आहे, कपाळावरचा ठिपका गोंदामुळे आहे, आनुवंशिक नाही."

"तो शेवटचा भाग नका लिहू," अक्षता म्हणाली.

"अगं, तोच तर तुझ्या बाजूने आहे."

"त्यांना ठिपका एवढंच दिसणार, मॅडम. नुसतं अंग स्वच्छ आहे लिहा ना."

"खोटं नाही लिहिणार मी."

"मग राहू दे." अक्षताने टिकली परत कपाळाला लावली आणि कागद न घेता बाहेर पडली. मालन मलमाची ट्यूब तेवढी घेऊन मागे धावली.

फाटकाबाहेर उसाच्या रसवाल्याजवळ मायलेकींचं भांडण झालं. "बाई गं, श्रेयसला तरी खरं सांग," मालन म्हणाली. "तो तुझा आहे ना?"

"त्याला काल रात्रीच विचारलं, समजा निघालं काही तर? तो म्हणाला, आईला सांगू नको म्हणजे झालं." अक्षता रस्त्याकडे बघत होती. "आई, तू फोन कर. म्हण, डॉक्टर म्हणाल्या सगळं स्वच्छ आहे, पण सरकारी ठिकाणी असं लिहून देत नाहीत. तू सांगितलंस तर त्या मानतील. तू त्यांना स्वतःचं खरं सांगितलंयस ना, म्हणून."

मालन काय करणार? पोरीचा चेहरा एवढा एवढा झाला होता. तिथेच, बसच्या आवाजात एका कानात बोट घालून, मालनने विहिणीला फोन लावला आणि पोपटासारखं सांगितलं. वसुधाबाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. "मला माहीतच होतं हो! बघा, किती बरं वाटलं." मग त्यांनी साडीचा रंग विचारला.

लग्न झोकात झालं. हळदीच्या सकाळी अक्षता स्वतः आईपुढे टिकलीचं पाकीट घेऊन बसली. "आजचे दोन दिवस, आई. नाही म्हणू नको." आणि रुपयाएवढी टिकली आईच्या कपाळावर, त्या कष्टाने आलेल्या ठिपक्यांवर, अंगठ्याने दाबून बसवली. पहिली हळद मामीने लावली. आईच्या बोटांनी हळद लागायची नाही, हे आधीच ठरलं होतं. वसुधाबाईंनी नुसतं सुचवलं होतं. मालन पाठीमागे उभी राहून आल्यागेल्याला पेढे विचारत होती. नवऱ्या मुलीच्या कपाळावर खड्याची टिकली होती, तुरीएवढी. सगळे म्हणत होते, काय तेज आलंय पोरीला!

लग्नानंतर मालनने कपाळाला पुन्हा गोंद लावला नाही. दशरथ ओरडला, शांताबाईने नाक मुरडलं, हिने ऐकलं नाही. मंगळवार-शुक्रवार पेटीत हात धरायला जायची. पाऊस संपता संपता ठिपके एकमेकांना मिळाले, दिवाळीपर्यंत कपाळ भरलं. बोटं मात्र तशीच राहिली. डॉक्टरने साधं कोरडं कुंकू लावलं तर चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा ती हॉस्पिटलच्या जिन्यातच थांबून हसली. ज्या बायका "ते" म्हणायच्या, त्या आता दारात थांबून विचारायला लागल्या, मालन, कुठला डॉक्टर गो?

संक्रांतीला अक्षता आली. लग्नानंतरचा पहिला सण, काळी साडी, हलव्याचे दागिने, वसुधाबाईंनी हौसेने घातलेले. मालनने तिळाची वडी दिली, मग कुंकवाचा करंडा घेऊन बोट पुढे केलं. अक्षता मागे सरली.

"नको आई. टिकली सुटेल."

तेव्हा मालनने नीट पाहिलं. टिकली रुपयाएवढी होती. तीच, मरून, मखमली. आणि तिच्या कडेने, उजव्या भुवईच्या वर, नखाएवढी पांढरी कड बाहेर दिसत होती. पावडर लावली होती वरून.

मालनने दार लावलं. "मलम कुठाय?"

"पर्समध्ये. सासूबाई विचारतात कसलं मलम, म्हणून नाही लावत."

"काढ ती टिकली. आधी काढ! चल माझ्याबरोबर डॉक्टरकडे, आत्ता. माझं बघ, भरलं की नाही? तुझं पण भरेल. वसुधाबाईंना मी सांगते सगळं खरं."

"काय सांगशील?" अक्षताचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "की डाग लग्नाआधीपासून होता? की फोनवर तू खोटं बोललीस? त्या म्हणतील, फसवून दिलीत मुलगी. आत्ता त्या मला सगळ्यांपुढे म्हणतात, आमच्या सुनेला मोठी टिकली किती शोभते. म्हणू दे ना."

मालनने करंड्याचं झाकण लावलं. पोरीचं मोडू नये म्हणून ती खोटं बोलली होती, आणि आता त्याच खोट्याने पोरीचं कपाळ बांधून टाकलं होतं. खरं सांगायला तिच्याकडे तोंड नव्हतं. अक्षताने आरशासमोर जाऊन कड बोटाने चाचपली, पावडर पुन्हा लावली.

"आई," ती आरशातूनच म्हणाली, "शांताबाईकडे याहून एका नंबरने मोठी येते का गं? दुकानात नाही मिळत. तिथे बोरिवलीत विचारायला लाज वाटते."

 मालनने करंडा फळीवर ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि गल्ली ओलांडून शांताबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. शांताबाईने तिचं भरलेलं कपाळ बघून हसून विचारलं, "काय गो, आता काय हवं?"

"सगळ्यात मोठ्या नंबरची दोन पाकिटं दे," मालन म्हणाली. "मरून."